घराची खाण्याची वही: जुन्या हॉटेलांच्या आणि जेवणाच्या आठवणी नीट कशा उतरवाव्यात

घरच्या ग्रुपवर कधीतरी कोणीतरी विचारतं, "आपण लहानपणी मिसळ खायला जायचो ते हॉटेल कुठलं गं?" मग दिवसभर मेसेज पडत राहतात. आत्या म्हणते गिरगावातलं, काका म्हणतात छे, ते दादरचं. मधेच कोणी तिसऱ्याच हॉटेलची रील टाकतं आणि संध्याकाळपर्यंत विषय कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली गाडला जातो. यातून यादी निघालीच तर तिच्यात पाचदहा नावं असतात आणि प्रत्येकापुढे "मस्त", "बेस्ट", "नक्की जा". ती घेऊन पुतण्या नेमका सुट्टीच्या वारी जातो आणि बंद शटर बघून परत येतो. हॉटेल उघडं असलंच तर भलताच पदार्थ मागवतो आणि म्हणतो, "एवढं काय होतं त्यात?"

इथे चूक क्रमाची असते. लोक आधी यादी वाटतात, मग तिथे जातात आणि ज्यांना खरंच आठवतंय त्यांना सगळ्यात शेवटी विचारतात. काम उलट्या बाजूने करायला हवं: विचारा, शोधा, जाऊन खा, त्याच रात्री लिहा, मग वाटा. दुसरी गोष्ट अशी की हॉटेलचं नाव म्हणजे नोंद नव्हे. नोंद पदार्थाची, वेळेची आणि माणसाची. नाव चुकलं तरी या तिन्ही गोष्टी हातात असतील तर जागा सापडते. नुसतं नाव असेल तर काहीच सापडत नाही.

खालची रीत मुंबई-पुण्याकडची कुटुंबं डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. गिरगाव, दादर, लालबाग सोडून डोंबिवली-बोरिवलीला गेलेली, किंवा पेठांतून कोथरूडला गेलेली. तुमचं गाव दुसरं असलं तर रस्त्यांची नावं बदला, क्रम तोच ठेवा.

१. वही कोणासाठी, हे आधी ठरवा

हे दोन ओळीत उरकतं, पण टाळू नका. वही तीन प्रकारच्या लोकांसाठी असू शकते: घरातली पुढची पिढी, बाहेरगावाहून येणारे नातेवाईक, किंवा ओळखीपाळखीचे. पहिल्यांना गोष्ट हवी असते. दुसऱ्यांना पत्ता, वेळ आणि काय मागवायचं ते हवं असतं. तिसऱ्यांना तुमच्या मावशीचं लग्न कुठल्या हॉटेलात ठरलं यात काडीचा रस नसतो. मूळ वही घरासाठीच करा. बाकीच्यांना त्यातून निवडून देता येतं.

साधी दोनशे पानी वही चालेल. प्रत्येक जागेला समोरासमोरची दोन पानं द्या आणि उजवं पान सुरुवातीला कोरं सोडा. त्याचा उपयोग पुढे येतो.

२. माणसं निवडा आणि एकेकट्याला गाठा

सगळ्यांना एकत्र बसवून विचारणं ही सर्वांत मोठी चूक. घरात एकाचा आवाज मोठा असतो. तो सांगतो तेच सगळ्यांचं होऊन बसतं, आणि ज्या काकूला खरं आठवतंय ती "असेल बाई" म्हणून गप्प राहते. वयाने मोठ्या माणसापासून सुरुवात करा आणि एका वेळी एकालाच विचारा. दुपारच्या चहाची वेळ चांगली. त्यांच्या हाताला काहीतरी काम असेल तर अधिक चांगलं, भाजी निवडताना माणसं जास्त बोलतात.

"तुमचं आवडतं हॉटेल कोणतं?" असं विचारू नका. या प्रश्नाला लोक नावाजलेल्या हॉटेलाचं नाव सांगून मोकळे होतात. प्रसंगावरून विचारा:

- "आजोबा, पगार झाला की तुम्ही घरी काय घेऊन यायचात? कुठून?"
- "आजी, तू माहेरून परत येताना एसटी कुठे थांबायची? तिथे काय खायचीस?"
- "काका, कॉलेजात खिशात पैसे नसायचे तेव्हा काय मागवायचात?"
- "गावाहून पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचात?"
- "दवाखान्यातून येताना मुलं रडत असली की काय घेऊन द्यायचात?"
- "कोणावर रागावून बाहेर जेवलात असं कधी झालं का?"

शेवटच्या प्रश्नाला हमखास काहीतरी निघतं.

घरातल्या बायकांना वेगळ्या बाजूने विचारावं लागतं. सत्तरी-ऐंशीच्या कितीतरी आज्या तरुणपणी हॉटेलात फारशा बसल्याच नाहीत. बसल्या तर 'फॅमिली रूम' लिहिलेल्या, पडदा लावलेल्या खणात. त्यामुळे "तू कुठे जायचीस?" म्हटलं की "आम्ही कुठे जातोय!" एवढंच ऐकू येतं आणि विचारणारा पुढच्या माणसाकडे वळतो. तिथेच अर्धी वही हातची जाते. तिला विचारा, "घरी काय बांधून यायचं?" कागदाचा पुडा, त्याला गुंडाळलेला दोरा, वड्याबरोबर लसणाची सुकी चटणी होती की ओली, किती तुकडे करून कोणाला किती मिळायचे, हे सगळं तिच्याकडे असतं. हॉटेलची नोंद आजोबांची, पुड्याची नोंद आजीची. दोन्ही लिहा.

आणखी एक प्रश्न विसरू नका: घरातलं कोणी खानावळ चालवत होतं का? गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका गल्लोगल्ली होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना घेऊन. तुमची पणजी चार माणसांचे डबे करत असेल तर तिची जागाही वहीत कुठल्याही हॉटेलाच्या बरोबरीने येते. महिन्याचे किती घ्यायची, मटण कुठल्या वारी, उधारी कशी मांडायची, हे विचारून ठेवा.

> सावध: बोलणाऱ्याला मधेच दुरुस्त करू नका. "अहो, ते हॉटेल त्या साली नव्हतंच" म्हटलंत की पुढची आठवण आत जाते ती बाहेर येत नाही. खरंखोटं नंतर बघायचं.

फोनवर रेकॉर्डिंग करत असाल तर आधी विचारा आणि फोन समोर दिसेल असा ठेवा. पंखा बंद केलात तर आवाज नीट येतो. रेकॉर्डिंगला लगेच नाव द्या: माणूस, तारीख, विषय. 'नवीन रेकॉर्डिंग १७' पुढच्या वर्षी कोणी ऐकत नाही.

पुढे जाण्याआधी तपासा: प्रत्येक जागेसाठी पदार्थ, वेळ किंवा प्रसंग, आणि सोबतची माणसं या तिन्ही गोष्टी मिळाल्या का? दोनच असतील तर पुन्हा एकदा चहाला जा.

३. साल लावा

जुन्या माणसांना साल आठवत नाही, पण त्या सुमाराची दुसरी गोष्ट आठवते. तिला धरून साल लागतं.

"तेव्हा ट्राम होती" म्हटलं तर मुंबईत मार्च १९६४ च्या अखेरीपर्यंतचा काळ. "पानशेतच्या आधी" म्हणजे पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला त्या १२ जुलै १९६१ च्या आधी. "घरी टीव्ही नव्हता, पण शेजाऱ्यांकडे होता" हे मुंबईत ऑक्टोबर १९७२ नंतरचंच असणार, कारण मुंबई दूरदर्शन तेव्हा सुरू झालं. "संपाच्या वेळी" म्हणाले तर कुठला संप ते विचारा. रेल्वेचा असेल तर मे १९७४, गिरण्यांचा असेल तर जानेवारी १९८२ नंतर. "कपिलने कप आणला त्या वर्षी" म्हणजे १९८३.

पैशावरून साल लावताना मात्र जपून. "चार आण्याला चहा मिळायचा" यावरून काहीच सिद्ध होत नाही. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, तरी पंचवीस पैशांना लोक पुढची कित्येक वर्षं चार आणेच म्हणत होते. किंमत लिहाच, ती वाचायला गंमत येते. फक्त तिच्यावरून साल काढू नका.

नेमकं साल लागत नसेल तर "धाकट्या आत्याच्या लग्नाच्या आधी" असं लिहिलं तरी चालतं. अंदाजाने '१९६८' ठोकून देण्यापेक्षा ते खरं असतं, आणि लग्नाची पत्रिका पुढे कधीतरी सापडते.

४. जागा शोधा: नावावर विसंबू नका

लोक इथेच सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

*पहिला घोळ रस्त्यांचा.* आजोबा लॅमिंग्टन रोड म्हणतात, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतो. गिरगाव रोड म्हणजे आताचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग, प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे शामळदास गांधी मार्ग. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी झालं. पुण्यातली मेन स्ट्रीट म्हणजे कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता. वहीत दोन्ही नावं लिहा. जुनं नाव गोष्टीसाठी, नवं रिक्षावाल्यासाठी.

*दुसरा घोळ खुणांचा.* "मॅजेस्टिकच्या बाजूला" असं गिरगावातली आजी सांगेल. ज्या मॅजेस्टिकमध्ये १९३१ साली 'आलम आरा' लागला ते थिएटर कधीच पाडलं गेलं आणि त्या जागी शॉपिंग सेंटर उभं राहिलं. खूण नाहीशी झाली तरी जागा तिथेच असते. आधी जुनी खूण कुठे होती ते शोधा, मग तिथून चालत जा. त्याहून सोपा उपाय म्हणजे घराचा जुना पत्ता. रेशनकार्डावर किंवा जुन्या पोस्टकार्डावर चाळीचं नाव असतं. त्या चाळीच्या दारापासून "डावीकडे की उजवीकडे?" असं विचारलं की माणसाचे पाय रस्ता सांगतात.

*तिसरा घोळ एकसारख्या नावांचा.* धोबी तलावाचं कयानी हे १९०४ सालचं इराणी हॉटेल. पुण्यात ईस्ट स्ट्रीटला कयानी बेकरी आहे, ती १९५५ सालची. घरात एक जण "कयानीत बसून चहा प्यायलो" म्हणतो आणि दुसरा "कयानीची श्रूजबेरी बिस्किटं" म्हणतो. दोघे एकाच दुकानाबद्दल बोलत आहेत असं समजून भांडण जुंपतं. 'गोमांतक', 'मालवण', 'दत्त' या नावांची तर गणतीच नको. महामार्गावर एकाच नावाच्या पाट्या ओळीने लागतात, प्रत्येकीवर 'मूळ' किंवा 'जुने', आणि शेजारी "आमची कोठेही शाखा नाही". अशा वेळी घाटाच्या कुठल्या बाजूला, जाताना की येताना, हे विचारल्याशिवाय उपाय नाही.

*चौथा घोळ: नाव माहीतच नसणं.* "कोपऱ्यावरचा इराणी" एवढंच आठवतं. हे बरंच म्हणायचं, कारण कोपरा हाती लागला. चौकाचं नाव काढा आणि तिथल्या जुन्या दुकानात विचारा: औषधवाला, घड्याळवाला, पानवाला. हॉटेल गेलं तरी ही मंडळी बऱ्याचदा जागेवर असतात. डिलिव्हरीच्या ॲपवर जुनी हॉटेलं शोधत बसू नका, अनेक जण त्यावर नसतात.

शोधून झालं की जागेपुढे यांपैकी एक शेरा लिहा:

- चालू आहे, तिथेच आहे
- दुसरीकडे हललं
- नाव तेच, चालवणारे वेगळे
- हॉटेल आहे, तो पदार्थ बंद
- बंद

"बंद झालं म्हणे" हा शेरा नाही. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मावा केकवालं बी. मेरवान बंद होणार अशी बातमी २०१४ साली आली, लोक शेवटचा केक म्हणून रांगा लावून गेले, आणि नंतर ते पुन्हा उघडलं. ऐकीव गोष्टीवर पान बंद करू नका, आणि ऐकीव गोष्टीवर म्हाताऱ्या माणसाला टॅक्सीतून घेऊनही जाऊ नका.

> तपासा, फोनवर किंवा स्वतः जाऊन: साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी? दुपारी बंद असतं का? रविवारी संध्याकाळी? तो पदार्थ रोज होतो का, आणि किती वाजता संपतो? किती पायऱ्या आहेत? संडास कुठे आहे, आणि कमोड आहे का? पैसे फोनवरून घेतात की रोख?

पायऱ्या आणि कमोड हे प्रश्न किरकोळ वाटतात. गुडघे दुखणाऱ्या आजीची सगळी दुपार त्यावर अवलंबून असते.

५. दिवस आणि वेळ ठरवा

रविवारी दुपारी एक वाजता चौदा जणांना घेऊन जुन्या हॉटेलात जाऊ नका. बाहेर अर्धा तास उभं राहायचं, आत दोन टेबलांत विभागून बसायचं आणि ज्यांची आठवण ते नेमके दुसऱ्या टेबलावर. पहिल्या फेरीला चार-पाच जणच बरे: आठवणीतला माणूस, लिहिणारा, एखादं मूल आणि गाडी किंवा टॅक्सी बघणारा. गोतावळा नंतर नेता येतो.

वेळ आठवणीतलीच पकडा. मिसळ सकाळची असेल तर सकाळीच जा, दुपारपर्यंत कट आटतो आणि तर्री वेगळी लागते. बॅलार्ड इस्टेटचं १९२३ सालचं ब्रिटानिया हे मुळात ऑफिसवाल्यांच्या दुपारच्या जेवणाचं ठिकाण. तिथल्या बेरी पुलावाची आठवण रात्रीची असेल तर ती बहुधा दुसऱ्या कुठल्या जागेची आहे.

पंचांग आणि समुद्र, दोन्ही बघा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत सुरमईच्या थाळीला गेलात तर मासा बर्फातला किंवा बाहेरून आलेला असण्याचीच शक्यता जास्त. तो खाऊन "पूर्वीची चव राहिली नाही" असा निकाल देणं अन्यायाचं आहे. त्यानंतर श्रावण, म्हणजे अर्धं घर मासे खात नाही. गणपतीत लालबाग-गिरगावच्या वाटेला जाऊच नका. आमरस-पुरीची आठवण असेल तर एप्रिल-मे. उपवासाच्या पदार्थांची आठवण असेल तर एकादशीला किंवा संकष्टीला सकाळी लवकर, साबुदाणा वडा गरम असतो आणि गर्दी व्हायची असते.

जेवणाआधीच्या गोळ्या, साखरेची वेळ आणि दातांची कवळी यांची चौकशी आदल्या रात्रीच करून ठेवा.

६. टेबलावर: आधी आठवणीतला पदार्थ

मेनूकार्ड हातात आलं की मुलं पनीर चिली शोधतात आणि मोठे "काहीतरी नवीन मागवूया" म्हणतात. पहिली प्लेट आठवणीतल्या पदार्थाचीच मागवा, एकच, आणि तीही त्याच रूपात. मिसळीबरोबर पाव होता की स्लाइस ब्रेड, हे आधीच विचारलेलं असावं. कोल्हापुरात मिसळ ब्रेडबरोबर येते, पुण्यात नारायण पेठेत बेडेकरांकडेही ब्रेडच. पावाची सवय झालेला मुंबईकर तिथे पाव मागतो आणि पहिल्या घासालाच आठवण भलतीकडे जाते. चहा कपात प्यायचे की बशीत? बनमस्का बुडवून की नुसता? आजोबा बशीत ओतून प्यायचे तर आजही बशीत ओतू द्या. शेजारचं टेबल बघत नसतं.

पुड्याची आठवण असेल तर मात्र तिथे बसून खाऊ नका. पार्सल घ्या, घरी या, मग उघडा. घरी येईपर्यंत वडा मऊ पडलेला असायचा आणि आजीच्या जिभेवर तोच मऊ वडा आहे. हॉटेलातला कुरकुरीत वडा तिला परकाच लागणार.

पहिल्या घासानंतर लगेच "तीच चव आहे का?" असं विचारू नका. माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि तो तुमचं मन राखायला "हो हो" म्हणतो किंवा सवयीने "आता कुठे!" म्हणतो. थोडं थांबा. मग विचारा, "यानंतर काय मागवायचात?" "कुठल्या बाजूला बसायचात?" "बिल कोण द्यायचं?" बिल देण्यावरून झालेली ओढाताण हा तर वेगळाच विषय आहे, त्यात नात्यांचा सगळा हिशोब निघतो.

चव बदलली असं खरंच वाटलं तर ते लिहा, पण खाणाऱ्याचं आजचं पथ्यही बाजूला लिहा. चाळीस वर्षांपूर्वी ताटभर तर्री ओतून घेणारा माणूस आज अर्धा चमचा रस्सा घेत असेल, तर बदल कढईत झाला की पोटात, हे सांगणं कठीण असतं.

फोटो चार पुरेत: दार आणि समोरचा रस्ता एकत्र दिसेल असा, दरांचा फलक, हात लावण्याआधीची प्लेट आणि बिल. माणसांचा फोटो काढाच, पण तो पाचवा. दर वेळी होतं काय, की दात काढलेल्या बारा सेल्फी येतात आणि प्लेट कोणालाच दिसत नाही. फलकाचा फोटो पुढच्या पिढीला सगळ्यात कामाचा, त्यामुळे तो तिरका किंवा धूसर आला तर परत काढा. हे काम मुलांना द्या, त्यांचा कंटाळाही जातो. वाढप्याचा किंवा गल्ल्यावरच्या माणसाचा फोटो हवा तर विचारून. शेजारच्या टेबलावरच्यांचा नकोच.

> सावध: गर्दीच्या वेळी टेबल अडवून मुलाखत घेऊ नका. बाहेर नाव लिहून थांबलेली माणसं असतात. मालकांशी बोलायचं असेल तर दुपारी तीननंतर, गल्ला शांत असताना परत जा. "आमचे वडील इथे यायचे" असं म्हटलं की बहुतेक जण बोलतात. जुने वाढपी मालकांपेक्षाही जास्त सांगतात.

टेबलावर वही काढू नका. बिलाच्या पाठीवर चार शब्द टिपले की रात्रीपुरतं भागतं.

७. त्याच रात्री लिहा

दुसऱ्या दिवशी लिहितो म्हणणाऱ्यांच्या नोंदी "छान होतं" एवढ्याच राहतात. डाव्या पानावर ठाम माहिती, उजव्या पानावर गोष्ट. नमुना असा:

*डावं पान*
जागा: खानावळ, लालबाग, मार्केटच्या मागची गल्ली. पाटी नाही, निळं दार.
स्थिती: चालू. आता सून चालवते.
वेळ: फक्त दुपारी. सोमवारी आणि गुरुवारी मटण नाही.
काय मागवायचं: सुकं मटण, वडे, सोलकढी. भाकरी सांगितली तरच करतात.
किती: एका ताटात दोन म्हाताऱ्या माणसांचं होतं.
बसणं: तीन पायऱ्या, बाकडी, पाठीला टेकू नाही.
पैसे: रोख. बिल चिकटवलं आहे, तारीख वर.
कोणाची आठवण: मोठे काका. तपासली: फेरीच्या दिवशी, काका सोबत.

*उजवं पान*
काका रात्रपाळी करून यायचे तेव्हा खानावळवाल्या मावशी त्यांचं ताट झाकून ठेवायच्या. त्यांचा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी "काल का नाही आलास?" म्हणून आधी बोलणी, मग जेवण. काकू म्हणतात, लग्नानंतर वर्षभर काकांना घरचा रस्सा पातळच वाटायचा. काकांना हे मान्य नाही.

शेवटचं वाक्य बघा. दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही लिहा, कोण काय म्हणतं ते नावानिशी. तुम्ही न्यायाधीश होऊ नका. अशा ठिकाणीच वही वाचायला मजा येते.

चवीसाठी "अप्रतिम" आणि "लाजवाब" हे शब्द वहीतून हद्दपार करा, त्यांनी काहीच कळत नाही. त्याऐवजी: तिखट घशाला लागतं की ओठांना? रस्सा पातळ की दाट, खोबरं भाजलेलं की ओलं? वड्याचं आवरण जाड की पातळ, आत लसूण की आलं? पियुष किती गोड, जायफळ लागतं का? सोलकढीत नारळाचं दूध आहे की नुसतं कोकमाचं पाणी? चहा 'पाणी कम', म्हणजे कमी पाण्याचा, की उकळलेला? दोन वाक्यांत एवढं आलं तरी न गेलेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं.

तपासा: न गेलेल्या एखाद्या भाच्याला फक्त डावं पान वाचायला द्या. त्याने एकही प्रश्न न विचारता "कधी जायचं, काय मागवायचं, किती पैसे न्यायचे" हे सांगितलं तर पान जमलं.

८. आता वाटा, पण दोन प्रतींत

घरची प्रत पूर्ण. बाहेरच्यांना द्यायची प्रत फक्त डाव्या पानांची. काकांची उधारी, आत्याचं मोडलेलं लग्न, कोण कोणाला न सांगता कुठे जेवायचं, हे बाहेर जाता कामा नये. घरातल्या प्रतीतसुद्धा ज्याची गोष्ट आहे त्याला आधी वाचून दाखवा आणि "हे नको" म्हणाला तर काढा, वाद न घालता.

ग्रुपवर एकदम सगळं टाकू नका, कोणी वाचत नाही. आठवड्याला एक जागा, एक फोटो, पाच ओळी. मग ज्यांना विचारायचं राहिलं ते आपोआप बोलू लागतात: "अगं, तिथे तुझी आई पण होती त्या दिवशी." ही भर उजव्या पानावर उरलेल्या जागेत जाते. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की बारीक होतात आणि दरांचा फलक वाचता येत नाही. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोनमधल्या नकाशावर या जागांची एक यादी करून तिची लिंक घरच्यांना दिलीत तर बाहेरगावाहून येणाऱ्यांचे फोन निम्मे होतात. आजी-आजोबांना मात्र मोठ्या अक्षरात छापून द्या. लिंक त्यांच्यासाठी नाही.

बाहेर कुठे शिफारस लिहिणार असाल तर गेल्याची तारीख, वार आणि काय खाल्लं ते लिहा. एका फेरीवरून कोणाच्या धंद्याचा निकाल लावू नका. वाढप्याचं नाव कौतुकासाठीही त्याला विचारल्याशिवाय नको.

९. वर्षातून एकदा वही उघडा

दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात, सगळे एकत्र असतात तेव्हा. वेळा आणि सुट्टीचे वार फोन करून पुन्हा बघा, जुना दर खोडू नका, शेजारी नवा लिहा. हॉटेल बंद झालं तर पान फाडू नका. डाव्या पानावर 'बंद' आणि कळल्याची तारीख टाका, तिथे आता काय आहे ते लिहा: मोबाइलचं दुकान, बँकेचं एटीएम, टॉवर. मग घरात विचारा की तो पदार्थ तसा कोणाला करता येतो का. येत असेल तर तिच्याकडे जाऊन मापं मोजून घ्या. "अंदाजाने" म्हणाली तर तिने हातात घेतलेलं मीठ आणि तिखट वाटीत टाकायच्या आधी चमच्याने मोजा, आणि ते उजव्या पानाच्या तळाशी लिहा.